लोडवर

मिरजेच्या आमच्या घरी व्हिडिओ गेम आला तो १९९५च्या मे महिन्यात, मामाच्या पिशवीतून. सोबत एक पिवळी कॅसेट होती आणि तिच्या लेबलावर छापलं होतं, ९९९९ खेळ. मामाचा मुलगा माझ्याहून तीन वर्षांनी मोठा. त्याला मी दादा म्हणते. सुट्टीला आलेल्या दादानं दुसऱ्याच दिवशी जुन्या वहीची कोरी पानं फाडून घेतली आणि एकेक खेळ लावून त्याचं नाव लिहायला लागला. मी ‘कॉन्ट्रा लाव’ म्हणून मागे लागलेली, आणि हा नंबर दाबतोय, बघतोय, लिहितोय. दिवेलागणीला त्यानं सांगितलं, “एकवीस हायत. बाकी सगळे तेच. कुठं दुसऱ्या लेव्हलपासनं चालू हुतोय, कुठं तिसऱ्या.” मग आम्ही कॉन्ट्रा खेळलो. तो निळा गडी, मी लाल.

हे आधी सांगायचं कारण, माझ्या हातून झालेल्या चुकांतली सगळ्यात मोठी चूक पुढे याच दादाच्या घरात जाऊन पडली.

मोबाइल, लॅपटॉप आणि व्हिडिओ गेम यांच्यावर लिहून मी २०११पासून पोट भरते. त्याआधी तीन वर्षं हिंजवडीत सॉफ्टवेअर टेस्टिंगची नोकरी केली. दुसऱ्यानं बनवलेली वस्तू कुठे मोडते ते शोधणं, हेच माझं काम होतं आणि मला ते आवडायचं. पण रात्री घरी येऊन गेम खेळायचे आणि त्याबद्दल कुणाला तरी सांगावंसं वाटायचं, ती ओढ जास्त होती. लहानपणी मुलींना मिरज स्टँडजवळच्या व्हिडिओ गेम पार्लरमध्ये आत जाता यायचं नाही. ज्याला सगळा महाराष्ट्र ‘मुस्तफा’ म्हणतो तो खेळ मी दारात उभी राहून, पोरांच्या खांद्यांवरून पाहिला. त्याचं खरं नाव ‘कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स’, कॅपकॉमनं तो १९९३ साली काढला, हे कितीतरी वर्षांनी कळलं आणि कळलं त्या दिवशी मी आनंदानं दादाला फोन केला होता. असल्या गोष्टी शोधाव्यात, मराठीत लिहाव्यात, एवढंच डोक्यात घेऊन नोकरी सोडली.

सुरुवातीच्या चुका पैशांच्या होत्या. शब्दाला ४० पैसे कबूल केले आणि दोन वर्षं त्याच दरानं लिहीत राहिले. बिलं वेळेवर पाठवली नाहीत. लेखाच्या पैशांतून १० टक्के टीडीएस कापला गेला की कर भरून झाला, अशी माझी समजूत होती. टीडीएस वजा जाता वर्षाचा कर १० हजार किंवा त्याहून जास्त उरत असेल तर तो हप्त्यांनी आगाऊ भरावा लागतो, हे मला व्याज भरल्यावर समजलं. या चुकांनी नुकसान झालं ते माझं. त्यांच्यावर अधिक शब्द घालवावेत असं वाटत नाही.

२०१३ साली मी ‘पेपर्स, प्लीज’ खेळले. लुकास पोप या एकट्या माणसानं केलेला खेळ. तुम्ही अर्स्टोत्झ्का नावाच्या एका काल्पनिक देशाच्या सीमेवरचे तपासनीस. समोर माणसं येतात, कागद पुढे करतात. शिक्का, नाव, तारीख, फोटो ताडून आत सोडायचं किंवा परत पाठवायचं. मजुरी माणसामागे. दिवसातल्या पहिल्या दोन चुका माफ, तिसरीपासून दंड. संध्याकाळी हिशेबाचं पान येतं: भाडं, जेवण, शेगडीचा खर्च, औषध. पैसे कमी पडले की घरातलं कुणीतरी आजारी पडतं. मग दुसऱ्या दिवशी आपोआप हात भरभर चालायला लागतो आणि कागद नीट न बघताच शिक्का पडतो. मी या खेळावर लिहिलेला लेख आजही मला माझ्या चांगल्या लेखांपैकी वाटतो. त्यात मी लिहिलं होतं की हा खेळ माणसाला दोष देत नाही, त्याच्यावर ओझं टाकतो आणि तो कुठे वाकतो ते दाखवतो. लिहिताना मला ते पूर्ण समजलंय असं वाटत होतं.

त्यानंतरच्या वर्षांत मी स्वतः शब्दामागे मजुरी घेत होते आणि शिक्के मारत होते. दर जूनमध्ये लॉस एंजेलिसला ईथ्री नावाचा गेम उद्योगाचा मोठा मेळा भरायचा (आता तो कायमचा बंद झाला, तशी घोषणा डिसेंबर २०२३मध्ये झाली). तिथे दुपारी-संध्याकाळी झालेल्या घोषणा इथे आपल्या रात्री-पहाटे यायच्या. मी रात्रभर जागून प्रसिद्धिपत्रकं मराठीत उतरवायची. न पाहिलेल्या, अजून बनूनही न झालेल्या खेळांबद्दल ‘अप्रतिम’, ‘डोळ्यांचं पारणं फेडणारा’ असले शब्द सकाळी सातच्या आत रवाना व्हायचे.

२०१७ साली एका परिचितानं मला मेल पाठवली. पुण्यातच नॉडिंग हेड्स गेम्स नावाची तिघांनी उभी केलेली मंडळी आहे, ‘राजी’ नावाचा खेळ करताहेत, किकस्टार्टरवर लोकवर्गणी मागताहेत, जाऊन भेट. माझ्या घरापासून रिक्षानं जाता आलं असतं. मी उत्तर लिहिलं की वर्गणीच्या टप्प्यावरच्या खेळांवर मी लिहीत नाही. त्याच वर्षी मी लॉस एंजेलिसहून आलेल्या अकरा पत्रकांचे अकरा लेख केले होते. त्यांतला एकही खेळ मी खेळलेली नव्हते, आणि दोन तर पुढे कधी आलेच नाहीत.

राजीची ती मोहीम ठरलेल्या रकमेपर्यंत पोचली नाही. माझ्या एका लेखानं ती पोचली असती असा माझा दावा नाही. पण ऑगस्ट २०२०मध्ये तो खेळ निन्टेन्डो स्विचवर आला, ऑक्टोबरमध्ये बाकीच्या यंत्रांवर, आणि वर्षअखेरीस द गेम अवॉर्ड्समध्ये पदार्पणाच्या उत्तम खेळांच्या नामांकनांत त्याचं नाव वाचलं तेव्हा मी बसल्या जागी गप्प झाले. डोंबाऱ्यासारखी कसरत करणारी पोर आपल्या धाकट्या भावाला, गोलूला, शोधत निघते. दुर्गा आणि विष्णू तिची गोष्ट सांगतात. मधले प्रसंग सावल्यांच्या बाहुल्यांनी उलगडतात. कुडाळजवळच्या पिंगुळीला मी ठाकर कलावंतांचा चामड्याच्या बाहुल्यांचा खेळ पाहिलेला आहे. पडद्यावर त्या सावल्या हलल्या आणि मला रडू आलं. हे माझ्या गावात तीन वर्षं घडत होतं आणि मी त्याच्या दारात गेले नव्हते. लहानपणी मला पार्लरच्या दारात थांबवलं होतं. इथे मी आपण होऊन बाहेर राहिले.

आता फोनची गोष्ट.

२०१९च्या जानेवारीत एका कंपनीनं परीक्षणासाठी फोन पाठवला. पंधरा हजारांच्या आतला, गेम खेळणाऱ्या मुलांसाठी म्हणून काढलेला. असा फोन वापरून परत द्यायचा असतो. सोबत परीक्षकांसाठी छापील मार्गदर्शिका येते, तिच्यात काय काय तपासा ते सुचवलेलं असतं आणि ठरलेल्या दिवशी ठरलेल्या तासाआधी काही छापायचं नाही अशी अट. माझ्याकडे फोन होता चार दिवस. मी मार्गदर्शिकेतल्या क्रमानंच गेले. वेग मोजणारं बेंचमार्कचं ॲप चालवलं, आकडा उतरवून घेतला. पबजी लावलं, ग्राफिक्स ‘स्मूद’, फ्रेम रेट ‘एक्स्ट्रीम’, म्हणजे सेकंदाला ६० चित्रं. एक डाव खेळले, पंधरा-सोळा मिनिटं, पुण्याच्या थंडीत, खिडकी उघडी ठेवून. लिहिलं: गेम सलग ६० फ्रेम्सवर पळतात, या किमतीत याला तोड नाही.

मेमध्ये अकोल्याहून पत्र आलं. मुलगा कॉलेजात होता, सुट्टीत कापडाच्या दुकानात काम करून त्यानं पैसे जमवले होते. त्यानं लिहिलं होतं, ‘मॅडम, वीस मिनिटांनंतर फोन हातात धरवत नाही आणि गेम अडखळतो. माझा पीस खराब आहे का? दुकानदार म्हणतो सगळे असेच आहेत. तुमचा फोन कसा चालला होता?’ रागाचा एक शब्द नव्हता. त्याला खरंच असं वाटत होतं की माझ्याकडचा फोन वेगळा असणार.

फोनचा प्रोसेसर तापला की जळू नये म्हणून आपला वेग आपणच कमी करतो. हे प्रत्येक फोनमध्ये असतं आणि असायलाच हवं. प्रश्न एवढाच की तो किती मिनिटांनी, किती तापमानाला आणि किती खाली येतो. थंड खोलीत पाच मिनिटांच्या बेंचमार्कमध्ये यातलं काही दिसत नाही. त्यातून काही फोन बेंचमार्कचं ॲप ओळखून तेवढ्यापुरता जास्त जोर लावतात, हेही तोवर जगजाहीर झालेलं होतं. मला हे सगळं माहीत होतं. अकोल्यात मे महिन्यात पारा ४५च्या आसपास जातो, हेही काही नवीन नाही. दोन्ही गोष्टी माहीत असून मी त्या एकत्र ठेवून पाहिल्या नव्हत्या.

तो फोन मी विकत घेतला आणि तासगावला मामाकडे गेले. दादाचं तिथे मोटर भरायचं दुकान आहे, पत्र्याचं. विहिरीवरच्या, बोअरच्या जळालेल्या मोटरी येतात, तो जुनी तांब्याची तार काढून नवं वाइंडिंग भरतो, व्हार्निश देतो, वाळवतो. दुपारी दोन वाजता त्याच्या दुकानात बसून मी पबजी लावलं. पंचविसाव्या मिनिटाला फ्रेम्स ६०वरून ३४वर आल्या होत्या आणि तापमापकावर फोनची पाठ ४७ अंश दाखवत होती. दादा शेजारी क्लॅम्प मीटर घेऊन बसला होता. एक मोनोब्लॉक पंप त्यानं हौदाला जोडून चालू केला होता आणि तिन्ही फेजचा करंट दर दहा मिनिटांनी खडूनं भिंतीवर लिहीत होता. गिऱ्हाईक घाई करत होतं. दादा त्याला म्हणाला, “तासभर थांबा. नुसती फिरवून बघितली की कुठलीबी मोटर चांगलीच वाटती. पाणी उचलायला लागली की कळतंय.” मग माझ्याकडे वळून, माझ्या फोनकडे बोट दाखवून म्हणाला, “तू लोडवर बघितलीच न्हाईस व्हय?”

मी परीक्षणाची दुरुस्ती छापायला दिली. संपादकांनी ती छापली, पण आतल्या पानावर, चार ओळींत. अकोल्याच्या मुलाला मी स्वतः पत्र लिहिलं की तुझा फोन खराब नाही, माझं परीक्षण खराब होतं. त्याचं उत्तर आलं नाही. त्यानंतर मी फोनची परीक्षणं बदलली. किमान दोन आठवडे, एक तास सलग खेळ, तापमान लिहून, उन्हाळ्यात शक्य असेल तर तासगावला जाऊन. ‘लोडवर’ हा शब्द माझ्या कामाचा झाला. मला वाटलं, शिकले.

२०२१ साली टाळेबंदीनं माझी निम्मी कामं गेली होती. पुरवण्यांची पानं कमी झाली, दोन ठिकाणी लेख छापून आले पण पैसे आले नाहीत. तेव्हा एका जाहिरात संस्थेकडून विचारणा आली. ऑनलाइन रमीच्या एका ॲपवर सहा लेख, मराठीत, माझ्या नावानं, शब्दाला साडेसहा रुपये. एवढा दर मला तोवर कुणी दिला नव्हता. मजकुराचे मुद्दे त्यांचे होते. त्यांतला पहिला असा: रमी हा कौशल्याचा खेळ आहे, असं सर्वोच्च न्यायालयानं १९६७ साली म्हटलं आहे.

हे खरं आहे. सत्यनारायण खटल्यात न्यायालयानं तसं म्हटलं. मी निकाल शोधून वाचला, आणि म्हणूनच माझा गुन्हा मोठा आहे. तो खटला होता सिकंदराबादच्या एका क्लबाचा. सभासद एका टेबलाभोवती बसून पत्ते खेळत, क्लब बसण्याचं शुल्क घेई. क्लबाला बंद व्हायची वेळ असते. समोरचा माणूस दिसतो. पैसे संपले की उठून घरी जावं लागतं. रात्री तीन वाजता उशाशी असलेल्या फोनवर, न दिसणाऱ्या पाच जणांशी, बँकेच्या खात्याला जोडलेल्या बटणानं खेळणं याबद्दल त्या निकालात काही असणं शक्यच नव्हतं. हे मला वाचतानाच दिसलं होतं. मी ते लिहिलं नाही, कारण मुद्द्यांच्या यादीत ते नव्हतं.

ॲप मी उघडलं होतं. सरावाच्या टेबलावर, फुकटच्या चिप्सवर, तीन संध्याकाळी खेळले. तिथे जिंकायला मजा येते. हरलं तर चिप्स परत भरून मिळतात. खरे पैसे एक रुपयाही लावला नाही. प्रत्येक डावातून ॲप आपला वाटा कापून घेतं, म्हणजे सगळे सारखेच हुशार असले तरी टेबलावरचे पैसे डावागणिक कमी होत जातात, हे साधं गणित मी मांडून पाहिलं नाही. नव्या खेळाडूला मिळणारा बोनस काढून घेता येत नाही, तो खेळण्यातच घालवावा लागतो, हे मी नियमांत वाचलं आणि लेखात ‘आकर्षक स्वागत बोनस’ असं लिहिलं. अशा खेळांच्या जाहिरातींत आर्थिक जोखीम आणि सवय लागण्याच्या धोक्याची सूचना देणं जाहिरात क्षेत्राच्या स्वनियमनानं डिसेंबर २०२०पासून बंधनकारक केलं होतं. माझ्या मजकुरात ती सूचना नव्हती, कारण तो लेख म्हणून छापला होता. तळाशी बारीक अक्षरांत ‘प्रायोजित’ एवढा शब्द होता. तो किती बारीक असणार हे मला आधी दाखवलं होतं.

फोन तापतो की नाही हे बघायला मी पत्र्याखाली तास तास बसले होते. हे मात्र मी नुसतं फिरवून बघितलं आणि चांगलं आहे म्हणून सांगितलं. सहा लेखांचे ३९ हजार रुपये वेळेवर जमा झाले.

२०२३च्या दिवाळीत वहिनीचा फोन आला. ती कधी मला थेट फोन करत नाही. तिनं सांगितलं की दीड वर्षापासून दादा रात्री रमी खेळतोय, तिच्या पाटल्या पतपेढीत आहेत, तांब्याची तार उधारीवर मिळायची तीही आता रोखीनं मागताहेत. मी दुसऱ्या दिवशी गेले. दुकान उघडं होतं, भिंतीवर खडूचे जुने आकडे होते, नवीन नव्हते. मी विचारलं, हे ॲप तुला कुठून मिळालं. तो बराच वेळ बोलला नाही. मग त्यानं फोनवर मोटर भरणाऱ्यांचा व्हॉट्सॲप ग्रुप उघडून दाखवला. वर सरकवत सरकवत तो मार्च २०२२पर्यंत गेला. माझा लेख होता. खाली त्यानं लिहिलं होतं, ‘आमच्या बहिणीनं लिहिलंय. वाचा.’

“तुझ्यामुळं न्हाई गं,” तो म्हणाला. “खेळलो मी.”

मला ते वाक्य घेता येत नाही. एकवीस खेळ मोजणाऱ्या माणसानं हे ॲप उघडून मोजलं नाही, कारण मोजण्याचं काम मी केलंय असं त्याला वाटलं होतं. माझ्या नावाखालचा तो मजकूर त्याच्या दृष्टीनं लोडवर टाकून बघितलेला होता. त्या ग्रुपात आणखी किती जणांनी वाचून ॲप घेतलं ते मी विचारलं. त्यानं दोन नावं सांगितली आणि मग थांबला.

मी ३९ हजार वहिनीला दिले. तिनं घेतले, मोजून घेतले, आणि चहा ठेवला. लेख काढून टाकावेत म्हणून मी त्या संस्थेला आणि जिथे छापले होते तिथल्या संपादकांना पत्रं लिहिली. माझं नाव काढलं गेलं. मजकूर ‘विशेष प्रतिनिधी’ या नावानं तसाच राहिला. त्यावर माझा कायदेशीर हक्क नव्हता, मी तो पैसे घेऊन विकला होता. ऑगस्ट २०२५मध्ये संसदेनं पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणणारा कायदा केला, तेव्हा कुठे ते दुवे उघडेनासे झाले. माझ्या पत्रांनी झालं नाही ते असं झालं.

आता मी प्रत्येक लेखाच्या वर, खाली नाही, चार गोष्टी लिहिते: किती तास खेळले, कोणत्या यंत्रावर, ते यंत्र किंवा खेळ कुणी दिला, आणि पैसे कुणी दिले. दोन संपादकांनी हे चालणार नाही म्हणून सांगितलं, ती कामं सोडली. उत्पन्न कमी झालं आहे. आठवड्यातून तीन सकाळी मी मराठी माध्यमाच्या शाळांत संगणक शिकवते, त्यावर भाडं निघतं. खेळांबद्दलचं प्रेम मात्र कमी झालेलं नाही. ‘वेन्बा’ नावाचा २०२३चा एक छोटा खेळ आहे. टोरोंटोत राहणारी तमिळ बाई आईच्या फाटक्या वहीतून इडलीची कृती जुळवते आणि तिचा मुलगा तिच्या भाषेपासून दूर जात राहतो. दीड-दोन तासांत संपतो. मी तो तीनदा खेळले, एकदा आईला शेजारी बसवून, आणि मगच त्यावर लिहिलं. त्या लेखाला नऊ दिवस लागले.

दादानं खेळणं थांबवलं ते कायद्याच्या आधीच, वहिनीच्या हाती फोन आणि खातं सोपवून. पाटल्या अजून सुटायच्या आहेत. हा मजकूर लिहायचा ठरवल्यावर मी त्याला फोन केला. तुझ्याबद्दल लिहू का, नको म्हणालास तर हा भाग काढून टाकते. पलीकडे मोटर चालू होती, पाण्याचा आवाज येत होता. त्यानं ती बंद केली नाही.

“नाव नगं घालूस,” तो म्हणाला. “आकडा घाल.”

२,८४,००० रुपये.